गरजूंचा निधी पहिल्या मंडळ्यांसारखा चालवायचा तर नेमकं कसं? (40 कुटुंबांची मंडळी)

मुळाकाठ:
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. तालुक्याच्या गावातली आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च), कुटुंबं साधारण 40. रविवारचं अर्पण पाळकांचं मानधन, वीजबिल आणि इमारतीची डागडुजी यातच संपतं. म्हणून वडील मंडळाने ठरवलं आहे की गरजूंसाठी वेगळा निधी काढायचा आणि तो प्रेषितांच्या काळासारखा चालवायचा. घोडं इथेच अडलंय. एक गट म्हणतो, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 2 प्रमाणे सगळं सामाईक करा. दुसऱ्याला दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, सक्तीचा हवा आहे. तिसरा म्हणतो, पेटी ठेवा आणि बाकी पाळकसाहेबांवर सोडा.

पहिल्या दोनतीन शतकांत हे प्रत्यक्षात कसं चालायचं? कोण किती देई, पैसा कोणाच्या हातात असे, कोणाला मिळे आणि नाही कसं म्हणत? वचन किंवा जुन्या लिखाणाचा आधार द्या. 'प्रेमाने करा म्हणजे सगळं होईल' एवढं आम्हालाही ठाऊक आहे.

जुनी_वही:
तुमच्या तिन्ही गटांना उत्तर आहे, आणि तिघांनाही ते पूर्ण आवडणार नाही.

आधी 'सगळं सामाईक'. कृत्ये 4 मध्ये बर्णबा शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवतो, हे खरं. पण पुढच्याच अध्यायात पेत्र हनन्या नावाच्या दुसऱ्या शेत विकणाऱ्याला सांगतो की शेत विकण्याआधी तुझंच होतं आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती होता. हनन्याचा गुन्हा कमी देण्याचा नव्हता, कमी देऊन सगळं दिल्याचं भासवण्याचा होता. कृत्ये 12 मध्ये योहान मार्काची आई मरीया हिचं स्वतःचं घर अजून आहे आणि मंडळी तिथेच प्रार्थनेला जमते. म्हणजे मालकी बुडाली नव्हती. गरज पडली की विकायची तयारी होती. नियमित खर्च मात्र शेतं विकून चालत नाही. रोमी सम्राट क्लौद्याच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा यरुशलेमेला अंत्युखियाहून मदत पाठवावी लागली (कृत्ये 11).

पौलाने बसवलेली घडी करिंथकरांस पहिले पत्र 16 मध्ये आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवायचं, म्हणजे तो आल्यावर धावपळ करून वर्गणी गोळा करावी लागणार नाही. रक्कम ठरवून दिलेली नाही, वार ठरवून दिला आहे. निधी सुरू करताना हेच उलटं होतं. 'कुटुंबामागे 500' असा ठराव होतो आणि तिसऱ्या महिन्यात अर्धी घरं गप्प होतात.

रोममध्ये इ.स. 150 नंतर जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारच्या उपासनेनंतर ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते आपल्या मनाप्रमाणे देतात, रक्कम उपासना चालवणाऱ्या अध्यक्षाकडे राहते आणि तो अनाथ, विधवा, आजारी, कैदेतले आणि वाटसरू यांना पुरवतो. प्रभुभोजनाला जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर घेऊन जातात. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमधला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन 197 च्या सुमारास दरमहा जमणाऱ्या पेटीबद्दल सांगतो. छोटी रक्कम, तीही इच्छा असेल आणि जमत असेल तरच, कोणावर जबरदस्ती नाही. खर्चाची यादीही देतो: गरिबांचं अन्न आणि दफन, आईबाप व मालमत्ता नसलेली मुलंमुली, घराबाहेर न पडू शकणारे म्हातारे दास, जहाज फुटलेले, विश्वासासाठी खाणीत, बेटांवर किंवा तुरुंगात टाकलेले. मेजवान्यांवर त्यातला पैसा जात नाही, हेही तो मुद्दाम नोंदवतो.

सक्तीच्या दशांशाला या दोघांत आधार नाही. प्रेषितांची शिकवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिदाखे या जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत द्राक्षकुंड, खळं, गुरं, मेंढरं यांचं प्रथमफळ संदेष्ट्यांना द्या असं आहे. तुमच्याकडे संदेष्टा नसेल तर ते गरिबांना द्या, असंही लगेच आहे. दशांशवाल्या गटाला ही ओळ दाखवा. नियमित देण्यात त्यांचं काही चुकत नाही, फक्त सक्ती नको आणि तो पैसा कुठे जायला हवा ते बघून घ्या.

राहिले 'पाळकांवर सोडा' म्हणणारे. जस्टिनचा अध्यक्ष त्यांच्या बाजूचा वाटेल. पण करिंथकरांस दुसरे पत्र 8 मध्ये खुद्द पौल तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवतो, कारण एवढ्या रकमेच्या कारभारात कोणी आपल्याला दोष देऊ नये. पौलाला साक्षीदार लागतो, तर आपल्या पाळकांना लागला म्हणून त्यांचा अपमान होत नाही. न लागल्यास काय होतं तेही कागदावर आहे: फिलिप्पैच्या मंडळीला दुसऱ्या शतकातला बिशप पॉलिकार्प याने लिहिलेल्या पत्रात वालेन्स नावाच्या, तिथल्या वडील मंडळातल्या माणसाबद्दल दुःख आहे. तो पैशाच्या लोभात पडला आणि पद गमावून बसला. पॉलिकार्प लिहितो की त्याला शत्रू समजू नका, भटकलेल्या अवयवासारखं परत आणा. चोरी पकडल्यावर मंडळी फुटू न देता काय करायचं, यावर इतकं जुनं आणि नेमकं मार्गदर्शन क्वचितच सापडेल.

सेवक_क:
वरचं सगळं मान्य. आता व्यवहार.

कृत्ये 6 हिशेबनीसाच्या नजरेने वाचा. तक्रार काय? रोजच्या वाटणीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होते. तोडगा काय? सात जण. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव, सातही नावं ग्रीक. म्हणजे बहुधा ज्यांची कुरकुर होती त्यांच्याच माणसांच्या हातात वाटणी दिली. तुमच्या 40 कुटुंबांत दोन वस्त्या, दोन आडनावांचे गट किंवा जुने-नवे बाप्तिस्मा असा भेद असणारच. समिती करताना सगळे सदस्य पुढच्या बाकावरचे असले तर यादीही पुढच्या बाकावरचीच होते. पाच जण घ्या, त्यात किमान दोन बाया, आणि ज्या वस्तीला मदत लागते त्या वस्तीतला किमान एक जण. पाळक सल्ल्याला, सहीला नाही. खजिनदाराच्या घरातला दुसरा कोणी समितीत नको.

पेटी उपासना संपल्यावर तिथेच, दोघांनी मिळून उघडायची. नोटा आणि चिल्लर वेगळी मोजायची, वहीत तारीख, आकडा, दोन सह्या. रक्कम सोमवारी बँकेत. 'पुढच्या रविवारी एकदम भरू' म्हटलं की ती कोणाच्या तरी कपाटात जाते, आणि अडीअडचणीला त्यातूनच 'उसने' घेतले जातात. अपहाराची सुरुवात बहुतेक इथूनच होते, वाईट हेतूने नव्हे. मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर त्याच खात्यात वेगळं शीर्षक ठेवा आणि वार्षिक लेखापरीक्षणात दाखवा. नोंदणी नसेल तर एकाच्या वैयक्तिक बचत खात्यात टाकू नका. त्याचं काही बरंवाईट झालं तर ती रक्कम वारसांची ठरून बसते.

वह्या दोन. पहिली जमाखर्चाची, सगळ्या मंडळीला बघायला खुली. तीत घेणाऱ्याचं नाव नाही, फक्त क्रमांक: 'क्र. 7, औषध, 640'. दुसरी क्रमांक आणि नावांची, ती समितीतल्या दोघांकडेच. फलकावर दर तीन महिन्यांनी जमा, खर्च आणि शिल्लक एवढे तीनच आकडे.

आकड्यांचा अंदाज: समजा 40 पैकी 28 घरं सरासरी 150 देतात, म्हणजे 4,200. हर्मासच्या 'मेंढपाळ' या दुसऱ्या शतकातल्या रोमी लिखाणात उपासाची एक रीत आहे. त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यायचं, वाचलेल्या जेवणाचा खर्च हिशेबाने काढायचा आणि तो विधवा, अनाथ किंवा गरजूला द्यायचा. 15 घरांनी महिन्यातून दोनदा असा उपास केला आणि दर वेळी 100 वाचले तर आणखी 3,000. एकूण 7,200. तीन घरांचा महिन्याचा शिधा प्रत्येकी 1,100 म्हणजे 3,300, औषधपाण्याला 1,500, उरलेले 2,400 राखीव. पहिले चार महिने राखीव साठू द्या आणि कायमच्या यादीत तीनपेक्षा जास्त नावं घेऊ नका. नाव चढवणं सोपं, उतरवताना भांडण होतं.

शिधा देण्याआधी रेशनकार्ड बघा. अन्नसुरक्षेचं धान्य मिळत असेल तर तांदूळ-गहू देण्यात अर्थ नाही. तूरडाळ 2 किलो, तेल 2 लिटर, साखर, चहा, तिखट, साबण हेच खरं लागतं. रोख शक्यतो टाळा. वाण्याचं बिल, शाळेची फी, औषधाच्या दुकानाची पावती थेट भरा.

आणि या निधीतून कर्ज कधीही देऊ नका. रोममध्ये कॅलिस्टस नावाच्या दासाने पेढी काढली, विधवांनी आणि बंधूंनी ठेवी ठेवल्या, पेढी बुडाली आणि तो पळाला. हे सांगणारा त्याचा कट्टर विरोधक आहे, त्यामुळे रंग थोडा भडक धरा. पुढे तोच रोमचा बिशप झाला! पण दान आणि उसनवारी एका पिशवीत आली की काय होतं ते यातून कळतं. कर्ज परत न करणारा माणूस आधी हप्ता चुकवतो आणि मग उपासनेला यायचंच टाळतो.

पिंपळपार:
कोणाला द्यायचं आणि नाही कसं म्हणायचं, यासाठी तीमथ्याला पहिले पत्र 5. विधवांची नोंद ठेवायला सांगितलं आहे: वय 60 च्या वर, सत्कृत्यांबद्दल लौकिक वगैरे. मुलं-नातवंडं असतील तर आधी जबाबदारी त्यांची, म्हणजे खरोखर निराधार असलेल्यांसाठी मंडळीच्या हातात काही उरेल. म्हणून अर्ज आल्यावर पहिला प्रश्न: मुलगा-सून कुठे आहेत? दोघांनी त्यांच्याकडे जाऊन बोलायचं. पुष्कळदा पैसे द्यावेच लागत नाहीत, मुलगा लाजेने का होईना 1,000 पाठवू लागतो.

दुसरा प्रश्न: सरकारी हक्काचं मिळतंय का? 65 च्या आतल्या निराधार विधवेला संजय गांधी निराधार योजना, त्यापुढे श्रावणबाळ. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार, पतीच्या मृत्यूचा दाखला एवढी कागदं जमवून तहसील कार्यालयात अर्ज करायचा. पेन्शन सुरू होईपर्यंत शिधा, सुरू झाल्यावर फेरविचार. समितीतला कागदपत्रांत तरबेज असा एक माणूस निधीतल्या 5,000 रुपयांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

एका गोष्टीला मर्यादा असतेच. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस पॉलिकार्पला लिहितो की विधवांकडे दुर्लक्ष नको, पण ख्रिस्ती दासांनी मंडळीच्या पैशाने स्वतःला सोडवून घेण्याचा हट्ट धरू नये. आज वाचताना हे बोचतं, आणि बोचावंच. सामाईक पेटी सगळ्या चांगल्या कामांना पुरत नाही हे मात्र तेव्हाही माहीत होतं. मोठी गरज आली की वेगळी हाक द्यायचे. उत्तर आफ्रिकेतल्या नुमिदियात ख्रिस्ती लोकांना लुटारूंनी पकडून नेलं तेव्हा कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिथून 1,00,000 सेस्टर्स (रोमी नाणी) जमवून पाठवले, देणाऱ्यांच्या नावांची यादीही जोडली, ती त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून. शस्त्रक्रियेला दोन लाख हवे असतील तर नेहमीच्या पेटीला हात लावू नका, वेगळं अर्पण काढा आणि त्याच कामाला लावा.

ओवी_ख:
चौकश्या, याद्या, क्रमांक… थोडं थांबा. त्याच हर्मासच्या लिखाणात असंही आहे की कोणाला द्यावं कोणाला नाही असा किंतु न ठेवता सगळ्यांना सरळ मनाने दे. घेणारा खोटा असेल तर जाब त्याने द्यायचा, देणारा निर्दोष. आणि हा निधी फक्त 'आपल्यांसाठी' का? चौथ्या शतकात सम्राट ज्युलियन ख्रिस्ती लोकांवर चिडून लिहितो की हे गालीली आपले गरीब तर सांभाळतातच, वर आमचेही सांभाळतात. शत्रूची साक्ष आहे ही. शेजारच्या वस्तीतली बाई उपाशी असताना बाप्तिस्म्याची नोंद शोधत बसणार का?

पिंपळपार:
ओवीताई, दोन्ही बाजू त्या लिखाणांतच आहेत. दिदाखे आधी म्हणते, मागेल त्याला दे. पाठोपाठ म्हणते, गरज नसताना घेणाऱ्याला जाब द्यावा लागेल. आणि मग: कोणाला द्यायचं ते कळेपर्यंत दान तुझ्या हातात घामेजू दे. माझ्या मते वाटणी अशी करावी: स्वतःच्या खिशातून देताना हर्मास, दुसऱ्यांनी विश्वासाने टाकलेल्या पेटीतून देताना दिदाखे. उपाशी माणसाला जेवण मात्र चौकशीशिवाय, कोणत्याही धर्माच्या. त्यासाठी महिन्याला 500 समितीतल्या कोणाही एकाला न विचारता खर्च करू द्या, फक्त दुसऱ्या दिवशी सांगावं.

मुळाकाठ:
खूप मुद्देसूद. आणखी दोन अडचणी. एक तरुण नुकताच विश्वासात आलाय, तो देशी दारूच्या दुकानात कामाला आहे. सोडायला तयार आहे, पण 'मग घर मंडळीने चालवायचं' म्हणतो. आणि दर दोनतीन महिन्यांनी बाहेरून कोणी तरी सुवार्तिक येतात, चार-चार दिवस मुक्काम, जाताना 'सेवेसाठी' मोठी रक्कम. नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही.

जुनी_वही:
तरुणाचा प्रश्न जवळपास जसाच्या तसा सिप्रियनपुढे आला होता. एक नट विश्वासात आला, रंगमंच सोडला, पण पोटासाठी मुलांना तीच कला शिकवत राहिला. सिप्रियन सांगतो, शिकवणंही थांबव. अडचण असेल तर मंडळीच्या मदतीवर असलेल्या इतरांसारखं त्यालाही अन्न मिळेल, पण साधं आणि काटकसरीचं. पाप सोडण्याबद्दल पगार मिळतोय असं त्याने समजू नये. आणि तिथल्या मंडळीला झेपत नसेल तर त्याने इकडे कार्थेजला यावं, आम्ही सांभाळू. तिन्ही मुद्दे वापरा. पगाराएवढी रक्कम नाही, शिधा द्या. मुदत ठरवा, समजा तीन महिने, आणि त्या काळात समितीने त्याच्यासाठी काम शोधायचं, निव्वळ वाट बघायची नाही. झेपलं नाही तर शेजारच्या मोठ्या मंडळीला लाज न बाळगता विचारा.

पाहुण्यांबद्दल दिदाखे स्पष्ट आहे. फिरता प्रेषित आला तर प्रभूसारखा स्वीकारा. त्याने एक दिवस राहावं, गरज पडली तर दुसरा. तीन दिवस राहिला तर खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर मात्र त्याचा न्याय करू नका. साधा वाटसरू दोन-तीन दिवस. स्थायिक व्हायचं असेल तर हातचा धंदा करून खावं, धंदा येत नसेल तर त्याची काही तरी सोय लावा, पण कोणीही ख्रिस्ती तुमच्यात रिकामा बसलेला नको. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या बायामुलींना छपाई, विणकाम, शेती शिकवली, त्याची जात हीच.

फसवणूक व्हायचीच. इ.स. 165 नंतर लूसियन नावाच्या, ख्रिस्ती नसलेल्या लेखकाने पेरेग्रिनस या भोंदूची टर उडवली आहे. तो ख्रिस्ती म्हणून तुरुंगात पडला तर विधवा आणि अनाथ मुलं पहाटेपासून दाराशी हजर, दूरच्या शहरांतून मदतीला माणसं, आणि हा मालामाल. लूसियन हसतो की कोणीही धूर्त माणूस या भोळ्यांत शिरून झटपट श्रीमंत होतो. दिदाखेचे नियम कशासाठी लागतात ते यावरून कळावं.

सेवक_क:
'छाती होत नाही' यावर उपाय म्हणजे नियम आधी लिहून फलकावर लावणे. मुक्काम दोन रात्री, जेवण, परतीचं एस.टी. भाडं, बस्स. मग नाही म्हणायला माणूस लागत नाही, कागद म्हणतो. आणि कोणाची पाठवणी आहे त्याचं पत्र मागा. पौलसुद्धा रक्कम नेणाऱ्यांना मंडळीच्या मंजुरीने आणि पत्रं देऊन पाठवतो.

उलट बाजूही लिहून ठेवा, मोठ्या देणगीची. मार्सियन नावाच्या श्रीमंत शिक्षकाने रोमच्या मंडळीला 2,00,000 सेस्टर्स दिले होते. 144 च्या सुमारास त्याची शिकवण नाकारली तेव्हा मंडळीने रक्कम परत केली. ती परत करता आली, यातच सगळं आलं. एकाच घराचं दान वर्षाच्या जमेच्या चौथ्या हिश्शावर जाऊ लागलं तर ते वेगळं ठेवा, चालू खर्चात मिसळू नका. नाही तर पुढे त्या घराला काही सांगायची वेळ आली की समितीची जीभ जड होते.

ओवी_ख:
कपड्यांचंही बघा. 303 मध्ये छळाच्या वेळी उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता शहरात सरकारी माणसांनी मंडळीच्या वस्तू जप्त केल्या, त्याची यादी उरली आहे. सोन्याचांदीच्या प्याल्यांबरोबर बायकांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16, बायकांचे 47 जोड पादत्राणं, पुरुषांचे 13. बायकांचं प्रमाण बघा म्हणजे यादीत कोण होतं ते दिसेल. नाताळात फाटक्या साड्यांचा ढीग जमा करू नका. धुतलेलं, बटणं लावलेलं, मापाची चिठ्ठी टाचलेलं तेवढंच घ्यायचं.

मुळाकाठ:
आभार. शेवटचं एक. दफनखर्च यात धरावा का? कबर खणणं आणि शवपेटी धरून गरीब घराला कर्ज काढावं लागतं.

जुनी_वही:
धराच. टर्टुलियनच्या यादीत अन्नाच्या जोडीलाच दफन आहे. 'प्रेषितीय परंपरा' या जुन्या नियमसंग्रहात तर लिहिलंय की कबरस्तानात पुरण्यासाठी लोकांवर जड भार टाकू नका, ती जागा सगळ्या गरिबांची आहे. फक्त खणणाऱ्याची मजुरी आणि विटांची किंमत घ्या. तुम्हीही तसंच करा: शवपेटी साध्या लाकडाची, एकाच सुताराकडून वर्षभराचा भाव ठरवून. खणणाऱ्याची मजुरी निधीतून त्याच्याच हातात. संगमरवरी पाटी, मंडप, जेवण निधीतून नाही. आणि श्रीमंत-गरीब सगळ्यांसाठी पेटी तीच ठेवा, म्हणजे निधीतली कोणती हे स्मशानात ओळखू येणार नाही.